विकणे आहे : एक रसग्रहण

मराठी समीक्षकांनी आजवर कशाची समीक्षा केली नाही? कवितेची केली, कादंबरीची केली, नाटकाची केली आणि एकमेकांच्या समीक्षेची तर फारच मनापासून केली. पण जुन्या मोटारीची जाहिरात हा एक जिवंत, रोज लिहिला जाणारा आणि (इथं बाकीच्या साहित्यानं मान खाली घालावी) रोज वाचला जाणारा वाङ्मयप्रकार आहे, हे एकाही समीक्षकाच्या ध्यानात आलेलं नाही. पंचवीस शब्दांत नायिका, तिचं रूप, तिचं कुळ, तिचं चारित्र्य आणि वर किंमत, एवढं सगळं बसवायचं म्हणजे काय चेष्टा आहे? कादंबरीकाराला त्यासाठी चारशे पानं लागतात आणि तरीही चारित्र्याबद्दल वाचकाच्या मनात शंका राहते ती राहतेच.

मम्मटानं काव्याची प्रयोजनं सांगताना कीर्तीच्या जोडीला पैसाही धरला आहे. मराठी कवींनी या बाबतीत त्याला तोंडघशी पाडलं. जुन्या मोटारींच्या जाहिराती लिहिणाऱ्यांनी मात्र त्याची लाज राखली.

या साहित्याचा अभ्यास मी हौसेनं केलेला नाही. माझी थोरली बहीण मंठ्याला असते. मंठा हे जालना जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. जिल्हाच मुळात १ मे १९८१चा, म्हणजे वयानं माझ्याहून लहान. गावात रेल्वे नाही. ती पकडायला परतूरला जावं लागतं. शेगावहून पंढरपूरला निघालेला रस्ता गावावरून जातो आणि लोणारचं सरोवर हाकेच्या नसलं तरी हॉर्नच्या अंतरावर आहे. त्यामुळं मंठ्याहून भाविकही जातात आणि भूगर्भशास्त्रज्ञही जातात. थांबत कुणी नाही, ही गोष्ट वेगळी.

तर ताईच्या डोळ्यांच्या पडद्याला सूज आहे आणि त्यासाठी दर महिन्याला छत्रपती संभाजीनगरला जाऊन डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागतं. जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटरच्या घरातला प्रवास. सकाळी जाताना तिला एका डोळ्यानं नीट दिसतं, संध्याकाळी येताना दुसऱ्यानंही नीट दिसत नाही. तिला नेणारे आमचे दाजी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, विषय मराठी आणि डावा गुडघा झिजलेला. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, "जिने आणि क्लच, दोन्ही कमी करा." जिने मंठ्यात मुळातच कमी. राहता राहिला क्लच. मोटारीत क्लच डाव्या पायाखाली असतो आणि जालन्याच्या बाजारपेठेतून एकदा गाडी काढायची म्हणजे तो किती वेळा दाबावा लागतो, हे गुडघाच सांगू शकतो. भाड्याच्या गाडीचा हिशेब दाजींनी वर्षाचा मांडून पाहिला आणि ती वही परत उघडली नाही. नवी ऑटोमॅटिक गाडी घ्यावी, तर निवृत्तीच्या पैशांतून मुलीच्या लग्नानंतर जे उरलं होतं, त्यात तिची चाकं आणि स्टिअरिंग आलं असतं. म्हणून जुनी.

पहिला घोटाळा शब्दाचाच झाला. दाजी शेजाऱ्यांना म्हणाले, "आता ऑटो घ्यावी म्हणतो." मराठवाड्यात ऑटो म्हणजे तीनचाकी रिक्षा. शेजारी गंभीर झाले. म्हणाले, "का सर, पेन्शन पुरंना का काय?" दुसऱ्या दिवशी एका जुन्या विद्यार्थ्यानं दारात येऊन परमिटची व्यवस्था करून देण्याची तयारी दाखवली. स्टँडवर सरांसाठी पहिला नंबर सोडू, असंही तो म्हणाला. गुरुनिष्ठेची अशी उदाहरणं अजून आहेत.

मग दाजी जाहिराती वाचू लागले. वर्तमानपत्रातल्या वाचल्या, मोबाइलवरच्या वाचल्या, गॅरेजच्या भिंतीवरच्या वाचल्या. चाळीस वर्षं अलंकार शिकवलेला माणूस. त्यांनी तांबड्या पेनानं त्या तपासल्याच. संध्याकाळी ते मला फोनवर निकाल सांगत. हा लेख बऱ्याच अंशी त्या फोनांवर उभा आहे.

या वाङ्मयातला सर्वांत लाडका अलंकार अतिशयोक्ती असेल, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. अतिशयोक्ती नवशिके वापरतात : 'शोरूम कंडिशन', 'एक नंबर पीस', 'एक रुपयाचं काम नाही'. जाणते लेखक व्याजोक्तीकडे वळतात. खरं कारण लपवून दुसरंच कारण पुढं करणं म्हणजे व्याजोक्ती, ही व्याख्या आठवीच्या पुस्तकात आपण पाठ केलेली आहे. ती इतकी उपयोगी पडेल असं कुणाला वाटलं होतं? 'परदेशी जात असल्यामुळे तातडीने विकणे आहे.' 'पार्किंगअभावी विकणे आहे.' 'मोठी गाडी घेतल्यामुळे विकणे आहे.' दाजींच्या मोजणीप्रमाणं एका आठवड्यात जालना आणि परभणी या दोन जिल्ह्यांतून सहा मोटारमालक परदेशी निघाले होते. एवढी माणसं गेली असती तर जालना-वाटूर रस्त्यावर एखादं विमान दिसायला हवं होतं. 'गिअरबॉक्स गेला आहे म्हणून विकणे आहे' असं वाक्य मात्र या साहित्याच्या इतिहासात एकदाही आलेलं नाही.

त्याखालोखाल अनन्वय. उपमेयाला दुसरी उपमाच सापडत नाही तेव्हा त्याची त्यालाच उपमा द्यायची : 'अशी गाडी हीच.' हा अलंकार वापरणाऱ्याची गाडी बहुधा रंगवलेली असते. 'ही गाडी नव्हे, आमच्या घरची लक्ष्मी आहे' ही शुद्ध अपन्हुती. लक्ष्मी विकायला का काढली, असं मात्र विचारू नये. व्याजोक्ती सुरू होते.

आनंदवर्धनाला ही सामग्री मिळाली असती तर ध्वनीच्या चर्चेसाठी त्याला नायिकांच्या मागं हिंडावं लागलं नसतं. 'फक्त हायवेवर चालवलेली' याचा वाच्यार्थ इंजिनाला त्रास कमी झाला असा आहे. व्यंग्यार्थ असा, की किलोमीटर विचारू नका. 'लेडीज वापर' याचा वाच्यार्थ हळू चालवली. व्यंग्यार्थ, गाडी सगळं घर चालवत होतं आणि पुस्तकावर नाव बाईंचं होतं. 'टाइमपास करणाऱ्यांनी फोन करू नये' यात मात्र ध्वनी नाही. तिथं लेखकाच्या हृदयातून थेट आलेलं दुःख आहे आणि या प्रकारातलं मला सर्वांत प्रामाणिक वाटलेलं वाक्य हेच.

'एकहाती' हा शब्द तर स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. गाडीच्या नोंदणी पुस्तकावर मालकाचा अनुक्रमांक असतो. तिथं एक लिहिलेलं असलं की जाहिरातवाला 'फर्स्ट ओनर' म्हणतो आणि ते खोटं नसतं. पण आपल्याकडे गाडी पुष्कळदा पुस्तक न बदलता फिरते. पहिल्यानं दुसऱ्याला कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्या, दुसऱ्यानं ते कागद तसेच तिसऱ्याला दिले, आणि तिसरा आता आपल्याला 'एकहाती' गाडी दाखवतो आहे. हात तीन, सही एक. मोटार वाहन कायद्याचं कलम ५० सांगतं की राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत कळवावं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत अर्ज करावा. हे न केल्याचं फळ कुणाला मिळतं, ते सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली एका निकालात सांगून ठेवलं आहे : गाडी पुढं किती का हात फिरेना, पुस्तकावर ज्याचं नाव आहे तोच मालक आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्याच गळ्यात. म्हणजे गाडी विकून पैसे खर्च झाले, गाडी कुठं आहे ते माहीत नाही, आणि एक दिवस कोर्टाचा कागद दारात. व्यंग्यार्थ इतका महाग दुसऱ्या कुठल्याही वाङ्मयात पडत नाही.

पण माझी मुख्य तक्रार या लेखकांच्या अलंकारांबद्दल नाही. अलंकार सगळेच वापरतात. माझी तक्रार एका साध्या, अलंकारहीन शब्दाबद्दल आहे : 'ऑटोमॅटिक'.

दाजींना तो शब्द व्याकरणाच्या बाजूनं पटत नव्हता. ते म्हणाले, "स्वयंचलित म्हणजे जे स्वतः चालतं. ही गाडी चालवावीच लागते. गिअर तेवढे आपले आपण पडतात." लोक म्हणतात 'विदाउट गिअर'. तेही चूक, गिअर असतात, फक्त ते आपल्याला विचारत नाहीत. पण व्याकरण राहू द्या. मुद्दा असा, की या एका शब्दाखाली चार वेगवेगळी यंत्रं विकली जातात. ती स्वभावानं एकमेकांपासून इतकी लांब आहेत, की त्यांना एक नाव देणं म्हणजे ओवी, अभंग, लावणी आणि मुक्तछंद या चौघांना 'कविता' म्हणून एका दरानं विकणं.

सगळ्यांत जुनं घराणं तेलाचं. अमेरिकेत जनरल मोटर्सनं १९३९ साली 'हायड्रामॅटिक' हा गिअरबॉक्स जाहीर केला आणि १९४०च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत तो आला. इंजिनाची शक्ती क्लचच्या चकतीऐवजी तेलातून पाठवायची ही कल्पना. पुढं याच वंशात टॉर्क कन्व्हर्टर आला. तो समजायला दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवावेत. एक सुरू केला की त्याच्या वाऱ्यानं दुसरा फिरू लागतो. वाऱ्याच्या जागी तेल आणि दोन्ही पंखे एका डब्यात बंद, एवढं ध्यानात घेतलं की झालं. मध्ये घासणारं काही नसल्यामुळं गाडी लोण्यासारखी सुटते. थोडं पेट्रोल जास्त पितं हे घराणं. खानदानी माणसांचं असतंच तसं.

दुसरं घराणं पट्ट्याचं. हॉलंडच्या डाफ कंपनीनं १९५८ साली 'व्हेरिओमॅटिक' नावाची व्यवस्था मोटारीत बसवली. दोन पुली, त्यांवर पट्टा आणि पुली लहान-मोठ्या होत राहतात. यात खरोखरच गिअर नसतात. 'विदाउट गिअर' म्हणायचा हक्क फक्त याच घराण्याला आहे. त्या डाफ गाड्यांची गंमत अशी, की पुढं जितक्या वेगानं जात तितक्याच वेगानं मागं जाऊ शकत. पुढं हॉलंडमध्ये उलट्या गाड्यांच्या शर्यती भरू लागल्या तेव्हा या गाड्यांपुढं कुणाचं काही चालेना. आपल्याकडे कित्येक संस्था याच तत्त्वावर चालतात, पण त्यांच्या शर्यती भरत नाहीत.

हे घराणं मराठी मध्यमवर्गाला अनोळखी नाही. १९८४ साली कायनेटिक होंडा आली आणि बटण दाबून सुरू होणारी, क्लच नाही, गिअर नाही अशी स्कूटर रस्त्यावर धावू लागली. तिच्या पोटातही पट्टा आणि पुलीच होती. तोवर स्कूटर म्हणजे लाथा घालून सुरू करायची, तिरकी करून पेट्रोल पाजायचं आणि डाव्या मनगटानं गिअर पिरगाळायचे, असा पुरुषी खेळ होता. कायनेटिकनं तो मोडला. आमची ताई शाळेत शिकवायला कायनेटिकवरून जात असे, ती वीस वर्षं. घरात ऑटोमॅटिकचा अनुभव असलेली ती एकटी, हे दाजींच्या बरंच उशिरा लक्षात आलं.

तिसरं घराणं दोन क्लचचं. एका क्लचकडे एक-तीन-पाच हे गिअर, दुसऱ्याकडे दोन-चार-सहा. एक काम करत असतो तेव्हा दुसरा पुढचा गिअर घेऊन तयार. वेग विजेचा. पण यातले काही कोरड्या क्लचचे असतात आणि उन्हाळ्यात मुंगीच्या पावलानं सरकणाऱ्या गर्दीत ते तापतात. दुरुस्तीचा आकडा ऐकला की मालकही तापतो. मंठ्याच्या मानानं हे घराणं फार दरबारी.

चौथं घराणं हे खरं म्हणजे घराणंच नाही. साधा हाताचा गिअरबॉक्स, साधा क्लच. फक्त तो दाबायला माणसाच्या पायाऐवजी एक यंत्र नेमलेलं. याला एएमटी म्हणतात. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर हा प्रकार आपल्याकडे स्वस्त गाड्यांत आला आणि २०१५ साली टाटांच्या नॅनोतही बसला. मी त्याची थट्टा करणार नाही. ज्याच्या खिशात ऑटोमॅटिक कधी मावलीच नसती त्याच्यापर्यंत ती या प्रकारानं पोचवली, पेट्रोलही जास्त खाल्लं नाही. परंतु ते यंत्र क्लच दाबतं म्हणजे क्लच तिथं आहे, तो झिजतो आणि बदलावा लागतो. गिअर पडताना गाडी क्षणभर दम घेते आणि आतली माणसं कीर्तनाला बसल्यासारखी माना डोलावतात. त्याला त्याच्या नावानं विकलं तर काही म्हणणं नाही. 'फुल्ली ऑटोमॅटिक, झटका नाही' असं म्हणून विकलं तर आहे.

आणि नेमकं तसंच विकतात. दाजींनी तपासलेल्या जाहिरातींत गिअरबॉक्सचा प्रकार लिहिलेल्या फारच थोड्या निघाल्या. रंग मात्र सगळ्यांनी लिहिला होता. 'पर्ल व्हाइट', 'सिल्की सिल्व्हर'. अहो, रंग डोळ्यांना दिसतो! जे दिसत नाही ते सांगायला तर साहित्य असतं.

या न दिसणाऱ्या गोष्टीवर अमेरिकेत एका माणसानं निबंध लिहिला आणि त्याला नोबेल मिळालं. जॉर्ज अकरलॉफ हे त्यांचं नाव. अमेरिकन बोलीत फसव्या गाडीला 'लिंबू' म्हणतात, म्हणून निबंधाचं नावही लिंबांचा बाजार अशा अर्थाचं. मुद्दा असा, की जुनी गाडी विकणाऱ्याला तिचं खरं ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा चांगली-वाईट दोन्ही धरून सरासरी भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला येत नाही. मग बाजारात लिंबंच उरतात. १९७० साली हा निबंध छापून आला. त्याआधी तीन मासिकांनी तो साभार परत केला होता. हे वाचून मला अर्थशास्त्राबद्दल प्रथमच आपुलकी वाटली. नोबेल मिळालं २००१ साली. हा सिद्धांत मी दाजींना समजावून सांगितला तेव्हा ते म्हणाले, "आपल्याकडे लिंबू गाडीच्या पुढं मिरच्यांबरोबर टांगतात. गाडीच लिंबू निघाली तर कशाला टांगायचं?"

लेखी वाङ्मयानंतर मौखिक परंपरा. गाडी बघायला गेलं की एजंट नावाचा कथेकरी भेटतो. त्याची कथनशैली ओघवती असते आणि प्रश्न विचारला की तो उपकथानकात शिरतो. "गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं?" या प्रश्नाला "लाइफटाइम ऑइल आहे सर, बदलावंच लागत नाही" हे उत्तर आम्हांला तीन गावांत, शब्दांचाही फरक न होता मिळालं. आजीवन म्हणजे कुणाचं जीवन, हे एकालाही सांगता आलं नाही. तेलाचं आयुष्य धरलं तर ते संपेपर्यंत टिकतंच. मंठ्यातल्या दाजींच्या ओळखीच्या मिस्त्रीचं मत स्पष्ट होतं : "सर, ट्रॅक्टर आणा, जीप आणा, रात्री बारा वाजता आणा. पण ह्याचा डबा उघडायचा झाला तर संभाजीनगरलाच न्यावा लागतोय." त्यानं दुसरीही एक गोष्ट सांगितली, जी कुठल्याही जाहिरातीत नव्हती. अशी गाडी धक्का मारून सुरू होत नाही. बॅटरी उतरली की उतरली. आणि बंद पडली तर दोर बांधून ट्रॅक्टरमागं ओढायची नाही; ओढणारी चाकं जमिनीवर फिरत राहिली तर आत तेल फिरवणारा पंप बंद असतो आणि डबा कोरडा घासून निघतो. तिला उचलूनच न्यायची.

धक्का ही आपल्याकडची एक सामाजिक संस्था आहे. बंद गाडीला धक्का मारायला मंठ्यात चार माणसं हाक न मारता येतात, त्यांतली दोन तर अनोळखी असतात. क्लचबरोबर माणूस त्यांनाही मुकतो. ताई म्हणाली, "मग चांगली बॅटरी घ्या. ती चार माणसं येईपर्यंत माझ्या डोळ्यातलं औषध उतरतंय."

गाड्यांची परीक्षा शेवटी तिनंच घेतली. पहिल्या गाडीत एजंट म्हणाला, "ताई, मागं बसा आरामात." ती पुढं बसली. डोळे मिटले. वाटूरच्या रस्त्यावर दोन किलोमीटर गेल्यावर म्हणाली, "ही मान डोलावते." एजंट म्हणाला, "सिस्टिमच तशी असते." ती म्हणाली, "कायनेटिक नव्हती डोलवत. इंजेक्शन घेतलेल्या डोळ्याला एकेक गिअर कळतो, दादा." दुसऱ्या गाडीत तिला चढावर जळका वास आला. तो दाजींना आला नव्हता, मला आला नव्हता आणि एजंटला तर त्या दिवशी सर्दी झाली होती. तिसरी गाडी सुरेख चालली. पण ब्रेकवर पाय ठेवून उभ्या गाडीतच रिव्हर्स टाकला, तर ती आधी विचारात पडली आणि मग मागून कुणी लाथ घातल्यासारखी हलली. ताईनं विचारलं, "कोण आलं?" दाजींनी तांबडं पेन काढलं.

समीक्षेत दृष्टीचं फार महत्त्व सांगतात. मला आता त्याची खात्री राहिलेली नाही.

अखेर परभणीची एक जाहिरात आली. 'डॉक्टरची गाडी' असं तिच्यात होतं. हा या वाङ्मयातला सर्वांत झिजलेला वाक्प्रचार. दाजी तर पुढं वाचणारच नव्हते, पण पुढच्याच ओळीत 'टॉर्क कन्व्हर्टर' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. डॉक्टर निघाले जनावरांचे. निवृत्त. त्यांनी गाडीची ओळख करून दिली ती जनावराची द्यावी तशी : वय, दात, खाणं, आधी झालेले आजार. उजव्या बाजूचं फेंडर एकदा बदललं आहे, हे त्यांनी आम्ही विचारण्याआधी हात लावून दाखवलं. मग घरातून एक फाइल आणली. २०१७पासूनची प्रत्येक सर्व्हिसिंगची पावती तारीखवार लावलेली, तिच्यात पन्नास हजार किलोमीटरला गिअरबॉक्सचं तेल बदलल्याचं बिल. दर पावतीवर किलोमीटरचा आकडा आणि प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठा. हे विशेष म्हणून सांगतो आहे. आधीच्या एका गाडीच्या कागदांत २०१९ साली जेवढे किलोमीटर होते, त्यापेक्षा २०२३ साली कमी भरत होते. तीही बहुधा डाफ असावी.

आत्मचरित्र असावं तर या फाइलीसारखं. लेखक कुठंही पुढं येत नाही, कुणावर सूड नाही आणि प्रत्येक विधानाला पावती आहे.

ताई डोळे मिटून चार किलोमीटर बसली आणि काही बोलली नाही. दाजींनी तीनदा विचारलं, "काय?" ती म्हणाली, "बोलण्यासारखं काही होत नाहीये." भावात डॉक्टर फारसे उतरले नाहीत. अकरलॉफ वाचलेला माणूस मी. म्हटलं, उतरू नयेतच. सह्या आमच्यासमोर झाल्या, फॉर्मवर नाव लिहूनच झाल्या, कोरं काही राहिलं नाही. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा आणि त्यातला अपघात न केल्याबद्दलचा बोनस मात्र गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाकडेच राहतो, हेही डॉक्टरांनीच सांगितलं. सद्गुण हस्तांतरणीय नसतात, असं कायद्यानंच ठरवलेलं दिसतं.

राहिली दाजींची स्वतःची जुनी गाडी. तिची जाहिरात त्यांनी स्वतः लिहिली. आधी पाटीवर लिहिल्यासारखी वहीत, मग पुसून, मग पुन्हा. ती अशी :

'२०१२ची मोटार. पेट्रोल. हाताचे गिअर. १,४२,००० किलोमीटर चाललेली. मालक एक, चालक एक. क्लच कडक आहे. मागचा डावा दरवाजा दोनदा ओढावा लागतो. एसी सकाळी गार करतो, दुपारी प्रयत्न करतो. २०१६ साली वाटूर फाट्याजवळ बैलगाडीला घासली. चूक बैलांची नव्हती. विकण्याचे कारण : डावा गुडघा.'

ताईला आता बारीक अक्षर वाचता येत नाही, म्हणून त्यांनी ती मोठ्यानं वाचून दाखवली. ती म्हणाली, "गाडी चांगली आहे, हे कुठंच नाही त्यात." दाजी म्हणाले, "ते वाचकानं ठरवायचं."

वाचकांनी ठरवलं. पहिल्या आठवड्यात अकरा फोन आले आणि अकराही जणांना एकच शंका होती : एवढं लिहिलंय, म्हणजे न लिहिलेलं किती असेल? एकानं विचारलं, "सर, खरं कारण सांगा." दाजी म्हणाले, "गुडघा." तो म्हणाला, "ते झालं सर, गाडीचं सांगा." एकानं बैल जिवंत आहेत का ते विचारलं. एकानं सुचवलं की ही जाहिरात काढा आणि 'परदेशी जात असल्यामुळे' टाका, भाव वीस हजारांनी वाढेल. वर त्या कामाचं कमिशनही सांगितलं.

बारावा एक तरुण मास्तर, तळणीकडून मोटारसायकलवर आला. चहा नको म्हणाला. थेट गाडीच्या मागच्या डाव्या बाजूला गेला आणि दरवाजा ओढला. उघडला नाही. पुन्हा ओढला. उघडला. बॉनेट न उघडताच त्यानं विसाराचे पैसे काढले आणि विचारलं, "सर, फॉर्म कुठं मिळतेत?"